त्या उंदरांचं पुढे काय झालं

माझ्या धंद्यात एक प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. पत्रिका, पगार, शेती, फ्लॅट, मुलीची उंची, मुलाचा चष्मा, सगळं बोलून झालं की पलीकडचा माणूस घसा साफ करतो आणि आवाज खाली आणतो. "ते एक राहिलं ताई. घरात कोणाला कोड वगैरे नाही ना?" लग्नं जुळवण्याचं काम मी नाशकात, सिडकोतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून करते, आणि हा प्रश्न कोणी विचारायचा विसरलाय असं मला आठवत नाही. मधुमेहाचं कोणी विचारत नाही. दारूचं विचारतात, पण हसत हसत. कोडाचं मात्र असं विचारतात की नुसत्या उच्चारानेच ते फोनमधून अंगावर येईल.

असेल तर असेल म्हणून सांगते. कधी वादही घालते, की अहो, ते लागत नाही, त्यानं कोणी मरत नाही. त्याचा उपयोग नसतो. "आमचं काही नाही हो, पण घरातली म्हातारी माणसं ऐकत नाहीत," म्हणून फोन ठेवतात. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस औषधालाही नाही, ते सुद्धा हेच म्हणतात.

हे आधी सांगून ठेवलं, कारण पुढचं सगळं माझ्या सख्ख्या बहिणीचं आहे.

ताई माझ्याहून मोठी. तिचं सासर विंचूरच्या अलीकडे, द्राक्षाची बाग आणि थोडा कांदा. दाजी, म्हणजे तिचे यजमान, गरजेपुरतं बोलणारे. त्यांना एकच मुलगी. माझी ही भाची नाशकात नोकरी करते आणि माझ्याकडेच राहते. आणि ताईला एक नणंद. नणंद आणि मी बरोबरीच्या. ताईच्या लग्नात मी नवरदेवाचे बूट लपवले, तेव्हा ही वरपक्षाची असून बूट कुठे लपवायचे ते मला दाखवत होती. तेव्हापासून आमचं जमलं.

पुढे ती शिकत गेली. आधी नाशिक, मग पुणे, मग काही वर्षं परदेश आणि आता बंगळूरची एक प्रयोगशाळा. कॅन्सर आणि शरीराची प्रतिकारशक्ती यांचं भांडण कसं चालतं, आणि त्यात प्रतिकारशक्ती हरते का, एवढ्या एका गोष्टीवर तिनं उमेदीची सगळी वर्षं घातली. मी तिच्यासाठी स्थळं आणून थकले. "या वर्षी नको गं, उंदरं व्यायला झालीत," असं काहीतरी सांगून ती मला उडवून लावायची. माझ्या धंद्यातलं ते पहिलं आणि सर्वांत मोठं अपयश.

उंदरांची गोष्ट त्याच्याही आधीची. माझं लग्न नुकतंच झालं होतं आणि दिवाळीनंतर मी ताईकडे राहायला गेले होते. नणंदही सुट्टीवर आली होती. सगळे जेवायला बसलो होतो, ताई भाकरी थापत होती, आणि नणंद एकदम म्हणाली, "माझे उंदीर पांढरे व्हायला लागलेत!" तिचा चेहरा असा फुलला होता की सगळ्यांचे घास थांबले. मग तिनं सांगितलं. तिच्याकडचे उंदीर काळेभोर असतात. त्यांच्या अंगावर कातडीच्या कॅन्सरची गाठ वाढवायची आणि मग एक औषध देऊन बघायचं. काही उंदरांची गाठ विरघळली. आणि त्याच उंदरांचे काळे केस पांढरे व्हायला लागले.

तिचे वडील हसता हसता ठसका लागून उठले. "येवढं शिकवलं ते उंदराचा कलप काढायला का गं?" आईनं तर निकालच लावला, "आगं, म्हातारा झाला आसंल तो!" मग काय, हसण्याला धरबंद राहिला नाही. चुलीपुढे ताई पदरात तोंड घालून हसत होती. नणंदही हसली आणि पानातलं संपवू लागली. तेव्हापासून घरात तिचं नावच पडलं, उंदीरवाली डॉक्टरीण. पुढे तिच्या कामाचा विषय निघाला की कोणीतरी कलपाचं काढायचं आणि विषय तिथेच संपायचा.

ताईच्या टाचेला काळा ठिपका दिसला तो करोनाची साथ ओसरल्यानंतर. बागेत वावरणाऱ्या बाईच्या पायाला काय होत नाही? तिनं ते कुरूप समजून ब्लेडनं तासलं. मग शेजारणीनं सांगितलं म्हणून बिब्बा लावला. बिब्ब्याचा डाग काळा पडतो आणि लवकर निघत नाही, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. त्यामुळे टाचेचा काळा डाग पसरत गेला तरी घरातले, दारातले सगळे म्हणत राहिले, बिब्बा उतलाय. ताईसुद्धा तेच म्हणायची. शेवटी एक दिवस ती चालत गेली तिथे फरशीवर रक्ताचे ठसे उमटले आणि भाचीनं तिला उचलून नाशकात आणलं.

तो कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर होता. आपल्याकडे तो पुष्कळदा तळपायाला होतो, असं डॉक्टर म्हणाले. टाचेचा भाग काढला, जांघेतल्या गाठी काढल्या. वर्षभर बरं गेलं आणि मग फुप्फुसात ठिपके दिसले. तेव्हा डॉक्टरांनी नव्या औषधाचं नाव काढलं. ते सलाईनमधून द्यायचं, दर थोड्या आठवड्यांनी, आणि गुण येतो की नाही ते वाट बघून ठरवायचं.

दाजींनी बहिणीला फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन मध्ये ठेवला. तिनं सगळं खोदून खोदून विचारलं.

"वहिनी," ती शेवटी म्हणाली, "हे औषध गाठीला मारत नाही. आपल्या रक्तात राखणदार असतात. परकं कोणी शिरलं की धरायचं, हे त्यांचं काम. ही गाठ त्यांना गप्प बसवते. तू झोप, मी घरचीच आहे, असं सांगते. हे औषध राखणदारांना उठवतं."

"उठले तर," ताई म्हणाली.

"हो. उठले तर."

"आणि नाय उठले?"

"तर दुसरं काही बघू," नणंद म्हणाली. खोटं बोलणं तिला कधी जमलं नाही, आणि मला त्या क्षणी तिचा राग आला. निदान फोनवर तरी एखादी थाप मारायला काय हरकत होती!

तर ताईची सलाईनं सुरू झाली. पहिल्या वेळी मी बरोबर होते. मी मनात काय काय धरून गेले होते. एवढं जगभर गाजणारं औषध म्हणजे त्याला निदान काही रंग तरी असेल. होतं ते नुसतं पाण्यासारखं. थेंब थेंब हातात उतरत होतं आणि ताई शेजारच्या बाईशी कांद्याच्या भावाचं बोलत होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, अंगावर काही उठलं, जुलाब लागले, दम लागला, तर लगेच सांगायचं. ताईनं मान हलवली होती.

त्याच सुमारास भाचीचं जमलं. स्थळ मीच आणलं. मुलगा अंबडला कारखान्यात इंजिनिअर आणि घरचे नामपूरचे, कांद्याचे व्यापारी. मुलगा-मुलगी दोनदा बाहेर भेटली आणि दोघांनीही एकमेकांना पसंत केलं, त्यामुळे माझं कामच राहिलं नाही. ताईचं आजारपण मी पहिल्याच फोनवर सांगून टाकलं होतं. "आजार काय, कोनाला चुकला?" असं तिकडून उत्तर आलं आणि मी सुटले. शेवटचा प्रश्नही आला. मी नाही म्हणून सांगितलं, आणि तेव्हा ते खरंच होतं. सुपारी फोडायचं माझ्या घरी ठरलं.

सुपारीच्या आधी बांगड्या भरायच्या म्हणून आम्ही ताईकडे जमलो. कासार ओसरीत बसला, भाचीचे हात भरून झाले, माझे झाले, भावकीतल्या बायकांचे झाले. ताईचा पत्ता नाही. हाक मारली तर आतून आवाज आला, "मला नको. बागेचं काम हाय, फुटत्यात." आता, आमच्याकडे सवाष्ण बाई लेकीच्या सुपारीला हात मोकळे ठेवते का कधी? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

ताई ओट्याशी पाठमोरी उभी होती, अंगात दाजींचा जुना फुल बाह्यांचा शर्ट. बागेत काम करताना बायका साडीवर असा शर्ट घालतात, हात उन्हानं आणि फवारणीनं खराब होऊ नयेत म्हणून. त्यामुळे ती कित्येक दिवस तो घालून वावरत होती तरी कोणाला काही वाटलं नव्हतं. पण बाग बाहेर होती आणि ही घरात, त्या उकाड्यात, बटणं लावून उभी. मी तिची बाही धरली. तिनं हात ओढला. मीही काही कमी नाही, ओढून बाही वर केली.

बोटांच्या पेरांपासून मनगटाच्या वरपर्यंत कातडी पांढरीफटक होती, दूध सांडल्यासारखी. दुसऱ्या हाताचंही तेच. शिकलेली, फोनवर लोकांशी वाद घालणारी मी, आणि पहिला विचार मनात आला तो नामपूरचा.

"दोन सलाईनं चुकवली मी," ताई हळू आवाजात म्हणाली. "ह्यांना सांगितलं, डॉक्टरानं विश्रांती दिली. दवाखान्यात एक बाई म्हणली, ह्या औषधानंच उठतं हे. लय वाढत चाललंय. सुपारी होऊ दे, लग्न लागू दे, मग बघू."

"मग म्हणजे कधी गं?"

"मी काय, तशी बी जाणारच हाय. जाताना पोरीचं मोडून कशाला जाऊ?"

एवढं शांतपणे म्हणाली की मला तिला हलवावंसं वाटलं. मी रडत होते आणि भांडत होते. वेडी आहेस का, जीव मोठा की सोयरीक, असं बरंच काही बोलले. ती म्हणाली, "तूच रोज फोनवर ऐकतीस ना?" बाहेरून कासार विचारत होता, आणखी कोणी आहे का, नाहीतर पेटी बांधतो.

कोणाला सांगू नकोस म्हणून तिनं शपथ घातली. शपथेचं मी मनावर घेतलं नाही. गावाच्या फाट्यावर गाडीची वाट बघत उभी होते तिथूनच नणंदेला फोन केला. वाटलं, ऐकून ती हबकेल. तर ती विचारायला लागली, दोन्ही हातांवर आहे? कडा ठळक आहेत? त्या भागातले केस, लव, तीही पांढरी झालीय का?

"केसांचं काय करायचंय तुला!" मी रस्त्यातच ओरडले. "अगं, तिनं औषध सोडलंय."

"ऐकलं मी," ती म्हणाली. तिचा आवाज काहीतरी वेगळाच येत होता. "मी येते. तिला म्हणावं, कुठलंही मलम लावू नकोस, काढा पिऊ नकोस. मी येतेच आहे."

आली ती खरंच दुसऱ्या दिवशी. मी तिला घेऊन ताईकडे गेले. दुपारची वेळ होती, दाजी आणि भाची बागेत मालाची तोडणी चालली होती तिकडे होते. नणंदेनं पाणी घेतलं नाही, पिशवी दारातच टाकली आणि ताईसमोर जमिनीवर बसली.

"वहिनी, हात."

ताईनं माझ्याकडे असं बघितलं की एरवी मी भस्म झाले असते. मग बाह्या वर केल्या. नणंदेनं दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, दाराकडे उजेडात वळवले, चष्मा वर सारून अगदी जवळून बघितले. मनगटावरची लव बोटानं उलटसुलट केली. ती पांढरी होती. मग तिनं ताईचा चेहरा धरला आणि डोळे मिटायला लावले. एका पापणीत तीनचार केस पांढरे निघाले, ते आम्हा कोणालाच दिसले नव्हते. मग बोलायला गेली तेव्हा तिला रडू फुटलं.

मी तिला तिच्या आईच्या मयतीतही असं रडताना पाहिलं नव्हतं. ताई घाबरली. "लय वाईट हाय का, वन्सं?" नणंद वयानं धाकटी असली तरी ताई तिला वन्संच म्हणते.

"नाही वहिनी. नाही." ती हसत होती आणि नाक पुसत होती. "कोडच आहे हे. कोडच म्हणायचं त्याला, दुसरं नाव कशाला? पण मी आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलेलं नाही."

मग तिनं सांगितलं, आणि या वेळी मी प्रत्येक शब्द ऐकला. कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात. ताईचा कॅन्सर त्याच पेशींतून निघालेला, म्हणजे दोघांची भावकी एक. राखणदार जागे झाले आणि त्यांना त्या गाठीचा चेहरा ओळखता आला, तर ते तिच्या मागे लागतात. पण चेहरेपट्टी सारखी म्हणून हातावरच्या बिचाऱ्या रंगाच्या पेशींनाही धरतात. म्हणून हात पांढरे झाले. राखणदार झोपलेले असते तर हातांना काहीच झालं नसतं.

"म्हणजे ते उठले?" मी विचारलं.

"उठलेले दिसतात. आत काय केलंय ते स्कॅनशिवाय नाही सांगता येणार. आणि हे सगळ्यांचं टिकतं असंही नाही. पण ज्यांच्या अंगावर हे उठतं, त्यांचं पुष्कळदा चांगलं चालतं. डॉक्टरांना दाखवलं असतंस तर त्यांनी तेव्हाच सांगितलं असतं, वहिनी."

ताई आपल्या हातांकडे बघत होती. मला वाटलं आता म्हणेल, तुमचं सुंदर तुमच्यापाशी, परवा नामपूरची माणसं यायचीत. तिच्या मनात तेच चाललं असणार, कारण तिनं एक बाही खाली ओढली. मग तशीच थांबली.

"वन्सं, ते तुमचे उंदीर. काळ्याचे पांढरे झालेले."

"हं."

"पुढं काय झालं त्यांचं?"

नणंदेनं तिच्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षं होऊन गेली असतील त्या जेवणाला. कलपाचं सगळ्यांच्या लक्षात होतं. हा प्रश्न त्या घरात कोणी पहिल्यांदाच विचारत होतं, आणि विचारणारीच्या फुप्फुसात ठिपके होते.

"जगले," नणंद म्हणाली. "सगळे नाही, वहिनी, मी खोटं नाही सांगणार. पण पांढरे झाले त्यांतले बहुतेक जगले. काळेच राहिले, ते गेले."

बाहेर क्रेट रचल्याचे आवाज येत होते. ताई उठली आणि अंगातला शर्ट काढून खुंटीला अडकवला.

"चला मग," ती म्हणाली. "ह्यांना हाक मार गं. दवाखान्यात जाऊ."

डॉक्टर ताईवर चिडले आणि त्यांनी चिडायलाच हवं होतं. मी मनातल्या मनात त्यांना दुजोरा देत होते. मग त्यांचं लक्ष नणंदेकडे गेलं. तुम्ही कोण, कुठे काम करता, असं त्यांनी विचारलं आणि तिनं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "ते पांढऱ्या केसांच्या उंदरांचं काम? त्यात तुम्ही होता?" शिकत असताना त्यांनी ते वाचलं होतं म्हणे. ती घाईघाईनं सांगायला लागली, तसं काम अनेक ठिकाणी चाललं होतं, कितीतरी लोक होते, माझ्या वाट्याला त्यातला लहानसा तुकडा आला. औषधाचा शोध काही तिनं लावलेला नाही, हे ती आम्हालाही दहादा सांगून चुकली आहे. पण ज्या उंदरांवर आम्ही जेवताना ठसका लागेपर्यंत हसलो, ते या माणसाच्या अभ्यासात होते. तेच बघून तो नाशकातल्या रोग्यांच्या हातांकडे बघायला शिकला होता.

स्कॅन दुसऱ्या दिवशी झाला. डॉक्टरांनी जुनं चित्र आणि नवं चित्र शेजारी शेजारी लावलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण डावीकडे जे ठळक ठिपके होते ते उजवीकडे शोधावे लागत होते. एक होता, तो बारीक झालेला. बाकीचे कुठे गेले? डॉक्टर म्हणाले, "मी बरं झालं असं आज म्हणणार नाही. पण असं मला रोज बघायला मिळत नाही." औषध पुढे चालू ठेवायचं होतं आणि अधूनमधून तपासत राहायचं होतं. दाजी पडद्याजवळ गेले आणि बहिणीला म्हणाले, "तू हे करतीस होय?" इतक्या वर्षांत त्यांनी तिच्या कामाबद्दल काढलेलं हे पहिलं वाक्य. ती म्हणाली, "हे वहिनीनं केलंय दादा. मी फक्त बघते."

मी देवभोळी नाही. गोदाघाटावर जाते तेही भाजीला. पण त्या दिवशी परत येताना रिक्षात मी सारखी ताईच्या हाताकडे बघत होते. या हाताच्या आत कुठेतरी कोणी जागं झालं होतं, त्यानं शत्रू ओळखला होता आणि आम्ही सगळे बिब्बा, कुरूप, नामपूर करत असताना ते निमूट लढत होतं. आणि ते असं लढू शकतं, हे दुसऱ्या गावातल्या एका खोलीत, पिंजऱ्यापुढे उभं राहून ताईच्या नणंदेनं आणि तिच्यासारख्या किती जणांनी आधी पाहून ठेवलं होतं. मला भरून आलं. ताई म्हणाली, "रडतीस काय, रिक्षावाला बघतोय."

सुपारीच्या दिवशी ताईनं कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं घातलं. भाचीला सगळं सांगून झालं होतं आणि तिनं आपल्या होणाऱ्या नवऱ्याला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. त्यानं घरी सांगितलं की नाही ते मात्र कळलं नव्हतं. मी पाहुण्यांना पोहे दिले. बोलणी झाली, सुपारी फुटली, पेढे वाटले. मग विहिणींनी एकमेकींची ओटी भरायची वेळ आली. ओटी भरायची म्हणजे दोन्ही हात पुढे करावे लागतात, तिथे पदर आडवा घेता येत नाही. ताईनं तांदळाचं सूप उचललं, नारळ आणि खण त्यावर ठेवला आणि हात पुढे केले.

विहीणबाई ठेंगण्या, बडबड्या. त्यांचं लक्ष गेलं आणि बोलणं थांबलं. "हाई काय शे?" हे काय आहे, असं त्यांनी त्यांच्या अहिराणीत विचारलं. त्यांच्या थोरल्या जाऊ मागे सरकल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात ताईच बोलली, आणि आवाज खाली न आणता बोलली.

"कोड हाय. कॅन्सरच्या औषधानं उठलं. ते उठलं म्हणून मी आज पोरीच्या सुपारीला बसले हाय. नायतर फोटोला हार घालून बसवावं लागलं आसतं."

विहीणबाई त्या हातांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "दुखस का?"

"नाय. काही नाय दुखत."

"मंग भरा," म्हणून त्यांनी पदर पसरला.

त्यांच्या थोरल्या जाऊबाईंनी आमच्याकडे चहा घेतला नाही, डोकं दुखतंय म्हणाल्या. पुढेही आठ-पंधरा दिवस तिकडे काय काय बोलणी झाली ती मुलानं निस्तरली. मी या धंद्यात आहे, मला सगळंच गोड झालं असं सांगता येणार नाही. पण लग्न ठरल्या तारखेला झालं.

लग्नाच्या आधी ताईच्या ओसरीत तोच कासार आला. हिरवा चुडा भरायचा होता. भाचीचे हात भरून होताच, कोणी हाक मारायच्या आधी ताई पुढे जाऊन बसली आणि हात त्याच्या मांडीवर ठेवला. तोपर्यंत पांढरेपणा कोपराकडे सरकला होता. कासार थबकला, त्यानं माझ्याकडे बघितलं. "बघतो काय, भर," ताई म्हणाली. तो भरू लागला. पांढऱ्या मनगटावर हिरवी काच अशी उठून दिसत होती की बायका वाकून बघायला लागल्या.

मग तिनं नणंदेला बोलावलं. नणंद लग्नासाठी बंगळूरहून आली होती आणि कोपऱ्यात चष्मा पुसत उभी होती. बांगड्या ती घालत नाही, प्रयोगशाळेत हातमोज्यांत अडकतात. त्या दिवशी निमूटपणे येऊन ताईला खेटून बसली. ताईनं दंडावरची बाही वर सारली आणि नवरीनं मेंदी दाखवावी तसा हात तिच्यापुढे धरला.

"बघा वन्सं," ती म्हणाली, "परवा इथं आणखी एक डाग उठलाय."